फी नाही, म्हणजे सरकारी?

मुलगी 'पब्लिक स्कूल'मध्ये जाते असं मी सांगत होते, तोवर सगळं ठीक होतं. आपल्याकडे पब्लिक स्कूल म्हणजे टाय, बूट, पिवळी बस आणि डोनेशन. मग एका सुट्टीत साताऱ्याच्या आत्याने फी विचारली. फी नसते, मी म्हटलं. आत्याचा कप बशीतच राहिला. "म्हणजे सरकारी? एवढं सातासमुद्रापार जाऊन पोरीला सरकारी शाळेत घातलीस?"

आत्याने स्वतः बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि स्वतःच्या मुलांना मात्र इंग्रजी माध्यमात घातलं, हे इथे सांगायला हवं. पण हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. पंगतीत, व्हॉट्सॲपवर, कुणी ना कुणी विचारतंच. "तिकडे सगळे तसंच करतात" म्हणून मी सटकते. आता तुम्हीही तेच विचारलंत, अमेरिकेत राहून मुलगी सरकारी शाळेत का, म्हणून नीट सांगते.

मी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या पश्चिमेला एका उपनगरात राहते. आमच्या मुलीची शाळा वॉशिंग्टनच्या सरकारची नाही, गावाची आहे. शाळेची समिती गावकरी मत देऊन निवडतात आणि खर्चाचा मोठा वाटा घरपट्टीतून येतो. ज्यांना मूलबाळ नाही, ज्यांची मुलं खासगी शाळेत जातात, तेही ती भरतात. हे आज तिथे कुणाला वावगं वाटत नाही. पण एकेकाळी यावर रान पेटलं होतं, आणि तो वाद ज्याने अंगावर घेतला तो होरेस मॅन.

मॅनचा जन्म 1796चा, मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रँकलिन नावाच्या गावातला. बेंजामिन फ्रँकलिनचं नाव लावल्यावर गावाने त्याच्याकडे चर्चसाठी घंटा मागितली. त्याने पुस्तकं धाडली. नुसत्या आवाजापेक्षा शहाणपण बरं, असं त्याचं म्हणणं. मॅनच्या वाट्याला लहानपणी शाळा यायची ती वर्षाकाठी आठ-दहा आठवडे. बाकीचं शिक्षण फ्रँकलिनने धाडलेल्या त्या पुस्तकांवर. पुढे तो वकील झाला, राज्याच्या सिनेटचा अध्यक्ष झाला, आणि 1837 साली ते सगळं सोडून नव्या शिक्षण मंडळाचा सचिव झाला. ओळखीच्यांना हा वेडेपणा वाटला असणार. हातात ना पैसा ना अधिकार. फिरायचं, बघायचं आणि दरवर्षी अहवाल लिहायचा. त्याने असे बारा अहवाल लिहिले. 1843मध्ये दुसरं लग्न झालं, तर मधुचंद्राला युरोपात जाऊन प्रशियाच्या (आजच्या जर्मनीतल्या) शाळा तपासत बसला! (बायको मेरी पीबॉडी स्वतः शिक्षिका, म्हणून निभावलं असावं.) तिथले मास्तर मुलांना न मारता शिकवतात, असं परत येऊन त्याने लिहिलं, तेव्हा बॉस्टनच्या 31 हेडमास्तरांनी चिडून त्याच्याविरुद्ध एक अख्खं पुस्तक छापलं.

पण त्याचा मला सर्वात भावलेला मुद्दा 1846च्या अहवालातला आहे. दुसऱ्याच्या पोरांसाठी मी कर का भरू, या प्रश्नावर तो म्हणतो की मालमत्ता तुमची एकट्याची नाहीच. आधीच्या पिढ्यांनी कमावलेलं तुमच्याकडे विश्वस्त म्हणून आलंय आणि पुढच्या पिढीचं शिक्षण हा त्यावरचा बोजा आहे. आपल्या सातबाऱ्यावर असतो ना, तसा. 1852मध्ये राज्याने 8 ते 14 वर्षांच्या मुलांना वर्षातून किमान बारा आठवडे शाळा सक्तीची केली. देशातला असा तो पहिला कायदा.

इथे थांबले असते, तर आत्याला उत्तर देणं सोपं होतं.

बॉस्टनमध्ये बीकन हिलवर, जॉय स्ट्रीटला, लाल विटांची एक जुनी इमारत आहे. अबिएल स्मिथ स्कूल, 1835ची. आता तिथे संग्रहालय आहे. तेव्हा ती कृष्णवर्णीय मुलांची वेगळी शाळा होती. बेंजामिन रॉबर्ट्स हा छापखानेवाला गृहस्थ बॉस्टनचा करदाता, कृष्णवर्णीय. त्याच्या चिमुरड्या सेराला या शाळेत पोचायला वाटेत गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडाव्या लागत. त्याने जवळच्या शाळेत नाव घालायचा प्रयत्न केला, नकार आला, तेव्हा 1848 साली तो कोर्टात गेला. वकील दोन: रॉबर्ट मॉरिस हा देशातल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय वकिलांपैकी एक, आणि चार्ल्स समनर. समनरने 'कायद्यापुढे समानता' असा मुद्दा मांडला. मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी 1850मध्ये निकाल दिला: पूर्वग्रह असलाच तर तो कायद्याने निर्माण केलेला नाही, आणि बहुधा कायद्याने बदलणारही नाही. सेरा हरली.

मॅन या सगळ्यात कुठे होता? सचिव असताना त्याने यावर जाहीर लढा दिला नाही, आणि गुलामीविरोधकांनी त्याला त्याबद्दल सुनावलंही. पुढे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेल्यावर मात्र तो गुलामीविरुद्ध कडाडून बोलला. मला हा माणूस आवडतो, पण हे गिळवत नाही.

शहाणपण आलं ते दुसरीकडून. कृष्णवर्णीय पालकांनी मुलं घरी ठेवली, त्यांच्यातलाच कार्यकर्ता विल्यम कूपर नेल अर्जामागून अर्ज करत राहिला, आणि 1855मध्ये राज्याने वेगळ्या शाळांवर बंदी घातली. शॉचा निकाल तरी मेला नाही. 1896च्या प्लेसी खटल्यात गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणं चालतं असं ठरवताना सुप्रीम कोर्टाने त्याचाच आधार घेतला, आणि 1954मध्ये त्याच कोर्टाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवेपर्यंत तो काटा रुतून राहिला.

तो 1848 आकडा वाचताना तुम्हालाही भिडेवाडा आठवला असेल. बुधवार पेठेत जोतीराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा सुरू झाली, ते साल हेच. योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण सगळाच योगायोग नाही. जोतीरावांनी नगरला फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली होती, आणि सिंथिया फरार अमेरिकन मिशनच्या, न्यू हॅम्पशायरहून आलेल्या. 1873ची 'गुलामगिरी' तर त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. आणि 1882मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला, हंटर कमिशनला, लिहिलं की सारा भरतो शेतकरी, आणि तो पैसा खर्च होतो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर; आधी किमान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा. पट्टी कोण भरतं आणि बाकावर कोण बसतं, हा रॉबर्ट्सचाच हिशेब.

तो हिशेब अजून मिटलेला नाही. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत एजवुड या गरीब भागातले पालक कोर्टात गेले. तिथले लोक दर शंभर डॉलरच्या मालमत्तेवर 1.05 डॉलर कर भरत; शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये दर 85 सेंट. तरी एजवुडच्या मुलामागे वर्षाला 356 डॉलर पडत, अलामो हाइट्सच्या मुलामागे 594. घरंच स्वस्त, तर दर वाढवून किती वाढणार? 1973मध्ये सुप्रीम कोर्टात ते पालक 5 विरुद्ध 4 मतांनी हरले.

आणि आम्ही काय केलं? घर घेताना आधी शाळा बघितली. त्या गावात घरं महाग, म्हणून आणखी लहान घर घेतलं. आमच्या मुलीच्या वर्गात बॉस्टनची एक मुलगी येते. मेटको नावाची योजना आहे, 1966पासूनची. शहरातली काही मुलं रोज बसने उपनगरातल्या शाळांत येतात. ती पहाटे पाचला उठते. आमची सव्वासातला, तीही हाका मारून.

हे सगळं मी यंदा आत्याला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "म्हणजे फी आहेच की," ती म्हणाली. "तू ती बँकेत हप्त्याने भरतेस एवढंच." मला हसू आलं, पण नाही म्हणता येईना.

मग ती म्हणाली, "आणि ती पहाटे उठणारी पोर? तिची आई एवढ्या पहाटे डबा करते?"

नाश्ता आणि जेवण शाळेतच फुकट मिळतं, मी सांगितलं. 2023पासून राज्याने कायमचंच केलंय.

"गरिबांना?"

"सगळ्यांना."

आत्याने बरीच वर्षं खिचडीच्या तांदळाचा हिशेब वहीत लिहिलाय. तिने मान हलवली आणि विचारलं, "तांदूळ बरा असतो का?"