काट्याखालचा आकडा

फोंड्याच्या आमच्या घरामागील शेडमध्ये गेली चार वर्षे एमजी या ब्रिटिश कंपनीची एक एमजीए गाडी उभी आहे. अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात तयार झालेली ही दोन आसनी गाडी मला मडगावजवळच्या एका जुन्या घराच्या पडवीतून मिळाली. इंजिन आणि पत्रा यांचे काम यथावकाश होत गेले. मात्र डॅशबोर्डावरच्या चार मीटरांनी मला जितके अडवले, तितके दुसऱ्या कशानेही अडवले नाही. हे मीटर गाडीबरोबरच आलेले आहेत, की मधल्या साठ वर्षांत कोणी इकडून तिकडून आणून बसवले आहेत, हा तो प्रश्न होता.

वाद सुरू झाला तो स्पीडोमीटरवरून. गाडी पाहायला आलेल्या, अशा गाड्यांचा दीर्घ अनुभव असलेल्या मुंबईच्या एका गृहस्थांनी एका दृष्टिक्षेपात निकाल दिला की हा मीटर मूळचा नाही, कारण उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या ब्रिटिश गाडीत मैलांचा मीटर असतो आणि हा किलोमीटरचा आहे. मुंबईच्या गाडीपुरते त्यांचे म्हणणे बरोबरच होते. परंतु ही गाडी मुंबईची नव्हे. पोर्तुगालने १ जून १९२८ रोजी रस्त्याची बाजू बदलून उजवी केली, तरी भोवती डावीकडून चालणारा ब्रिटिश हिंदुस्थान असल्यामुळे गोव्यात वाहतूक डावीकडूनच राहिली. मोजमापे मात्र पोर्तुगीजांची, म्हणजे मेट्रिक. त्यामुळे १९६१ च्या डिसेंबरपूर्वी इथे आलेल्या ब्रिटिश गाडीत उजवे स्टिअरिंग आणि किलोमीटरचा मीटर हे मुंबईकराला विजोड वाटणारे जोडपे अगदी स्वाभाविक ठरते. (तेव्हा पोर्तुगीजांच्याच ताब्यात असलेल्या मोझांबिकचीही हीच तऱ्हा होती, तेव्हा एवढ्यावरून मीटर गोव्याचाच म्हणता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे.)

तर्क जुळला म्हणून मीटर खरा ठरत नाही. पुढे भारतभर किलोमीटर रूढ झाले, तेव्हा मैलांच्या यंत्रावर किलोमीटरची तबकडी चिकटवण्याचा मार्गही कोणाला सुचला असेल. सुदैवाने या मीटरांच्या तबकडीवर एक छोटा आकडा छापलेला असतो, ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही. स्मिथ्स या ब्रिटिश मीटर कंपनीच्या स्पीडोमीटरवर ‘एसएन’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्याच्याजवळ एक सुटी संख्या असते. मीटरचे अंतर एका एककाने पुढे सरकण्यासाठी केबलने किती फेरे घ्यावेत, हे ती संख्या सांगते. मैलांच्या मीटरवर १०४० असेल, तर त्याच गाडीच्या किलोमीटरच्या मीटरवर ती सुमारे ६४६ असायला हवी. माझ्या तबकडीवर सहा आणि चार एवढेच वाचता येत होते. तिसरा आकडा आपल्या पावसाळ्याच्या बुरशीने खाल्ला होता.

म्हणून एका रविवारी सकाळी मी घरासमोरच्या सपाट रस्त्यावर टेपने वीस मीटर मोजून खडूच्या दोन रेघा ओढल्या. स्पीडोमीटरमागची केबल सोडवली, तिच्या आतल्या तारेच्या टोकाला कागदाची छोटी पताका चिकटवली, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला आणि भावाला व शेजारच्या दोन मुलांना गाडी सरळ रेषेत हळूहळू ढकलायला सांगून मी पायांजवळ वाकून पताकेचे फेरे मोजत बसलो. तेराला किंचित कमी भरले. एका किलोमीटरसाठी त्याला पन्नासने गुणले की साडेसहाशेच्या थोडे आत येतो आपण. तीनदा ढकलून तेच उत्तर आले. चौथ्यांदा मुलांनी चहा मागितला.

आता यंत्राची पाळी होती. मीटर टेबलावर घेऊन जुन्या केबलच्या चौकोनी टोकाने तो हाताने फिरवत गेलो. मैलांचे यंत्र असते, तर ट्रिप मीटरचा दशांशाचा आकडा एक घर सरकायला सुमारे १०४ फेरे लागले असते. इथे तो ६५ च्या आसपास सरकला. म्हणजे तबकडी, यंत्र आणि गाडीचा मागचा अॅक्सल हे तिघेही एकच भाषा बोलत होते. मुंबईच्या गृहस्थांना मी हे फोनवर सांगितले, तेव्हा त्यांनी क्षणभर थांबून, ‘मग डाग तसेच ठेवा, पुसू नका,’ एवढेच म्हटले, आणि माझ्या मते त्यांनी दिलेला हा सर्वांत मोलाचा सल्ला होता.

तो मला दोन वर्षे आधी मिळायला हवा होता. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरची तबकडी पिवळी पडली होती म्हणून मी तो एका वर्कशॉपकडे ‘नवा करून’ घेण्यास दिला होता. परत आला तेव्हा अक्षरे कोरीव काढल्यासारखी स्वच्छ होती, पण तळाचा क्रमांक मुळीच छापलेला नव्हता, आणि जुनी तबकडी त्यांनी टाकून दिली होती. एमजीएचा टॅकोमीटर केबलवर चालतो आणि अशा मीटरवर ‘आरएन’ ही अक्षरे असतात. पुढच्या काळातल्या विजेवर चालणाऱ्या मीटरवर ‘आरव्हीआय’ असते. आता माझ्या मीटरमागे केबलची मान आहे, एवढ्यावरच समाधान मानावे लागते. त्यानंतर एका विक्रेत्याने ‘एमजीचाच’ म्हणून एक टॅकोमीटर दाखवला, तेव्हा मी प्रथम अक्षरे पाहिली. ‘आरव्हीआय’ होते, आणि शिवाय तबकडीवर ‘निगेटिव्ह अर्थ’, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडायचे, असे लिहिलेले होते. एमजीएची बॅटरी पॉझिटिव्ह अर्थची असते, त्यामुळे पुढचे बोलणे झाले नाही. तबकडीवर एकीकडे स्मिथ्स आणि दुसरीकडे जेगर दिसल्यास मात्र लगेच बिचकू नये, कारण ब्रिटनमधील जेगर ही मीटर कंपनी स्मिथ्सच्याच ताब्यातली होती.

राहिला तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान एकत्र दाखवणारा मीटर. त्यातून निघणाऱ्या केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीत ईथर भरलेले असते. ती कोणीतरी पूर्वीच पक्कडीने तोडून टाकली आहे आणि तापमानाच्या बाजूला ‘एफ’ छापलेले आहे. किलोमीटरच्या स्पीडोमीटरशेजारी फॅरनहाइट कसे आले, याचे मला सुचणारे एकच उत्तर म्हणजे हा मीटर दुसऱ्या गाडीतून आलेला आहे. सेल्सिअसचा मिळेपर्यंत तो जागेवर बसवून ठेवला आहे. तापमानाचा काटा खालच्या टोकाशी टेकलेला असतो आणि इंजिन तापले की नाही, हे मी बॉनेटवर हात ठेवून पाहतो.