केंद्रकं मोजायला घेतली तेव्हा
रिपोर्ट टाइप होऊन सहीला आला होता. पाठीवरचा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींचा कर्करोग, जाडी ०.७ मिलिमीटर, वर व्रण नाही. म्हणजे स्टेजिंगमध्ये टी१ए, मेलॅनोमात त्यातल्या त्यात बरी बातमी. १९७० मध्ये पॅथॉलॉजिस्ट ब्रेस्लो यांनी जाडीचं महत्त्व दाखवून दिलं, तेव्हापासून पहिला मान तिचाच. तरी सही करवेना, कारण पेशींची केंद्रकं डोळ्यांना खुपत होती.

खुपतंय म्हणून रिपोर्टात काही लिहिता येत नाही. मोजायला बसले. स्क्रीनवर एकेका केंद्रकाची कड माउसने गिरवायची, क्षेत्रफळ सॉफ्टवेअर काढतं. काम कंटाळवाणं, पण खरी मेख निवडीत आहे. हात आपसूक मोठ्या, वेड्यावाकड्या केंद्रकांकडे वळतो. अशी वेचून मोजली तर कुठलीही गाठ भयंकर ठरेल! म्हणून ठरावीक अंतरावर चौकटी टाकायच्या आणि आत येईल ते प्रत्येक केंद्रक घ्यायचं. मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याने कड झाकलेली तेवढी सोडावी लागतात. त्यात काप जेमतेम ३-४ मायक्रॉनचा. एखादं केंद्रक मधोमध कापलं जातं, एखाद्याचं नुसतं टोक हाती लागतं. तेव्हा सुटा आकडा कुचकामी. सरासरी आणि चढउतार पाहायचे.

अंगावरच्या साध्या तिळात पेशी खोल जातात तशी केंद्रकं लहान होत जातात. इथे तळाची केंद्रकं वरच्यांइतकीच मोठी होती. एकाच चौकटीत एक शेजारच्या लाल रक्तपेशीएवढं, तर दुसरं तिच्या दुपटीहून रुंद.

सर्जनना फोन केला. "मग स्टेज वाढवताय का, मॅडम?"

"नाही. स्टेजिंगच्या नियमांत हे माप नाही." फिक्सेशनमध्ये, म्हणजे टिश्यू रसायनात टिकवताना, पेशी आक्रसतात, तेही प्रत्येक लॅबमध्ये कमीजास्त, त्यामुळे एकीची मर्यादा दुसरीला लावता येत नाही. आणि स्पिट्झ नीव्हस या तिळाच्या प्रकारात केंद्रकं चांगली मोठी असूनही तो निरुपद्रवी असतो. माझ्या लेखी या मापाचा उपयोग एवढाच, की पुन्हा शोधायला कारण मिळतं.

टिश्यूचा मेणातला ब्लॉक आणखी खोल कापायला सांगितला. टिश्यू थोडंच उरलंय म्हणून टेक्निशियन कुरकुरला, पण काप सुरेख काढले. त्यातल्या एकात पेशींचा पुंजका खाली उतरलेला दिसला. ग्रॅन्युलर लेयर या त्वचेच्या वरच्या थराच्या माथ्यापासून मोजलं: ०.९ मिलिमीटर. टी१बी, म्हणजे एक पायरी वर. आता सेंटिनेल नोडच्या, म्हणजे कर्करोग पसरला तर आधी जिथे पोचेल त्या लसिकाग्रंथीच्या, बायॉप्सीबद्दल रुग्णाशी बोलणं आलं.

स्टेज जाडीवरूनच लिहिली. केंद्रकांची मापं कॉमेंटमध्ये, मोजण्याच्या पद्धतीसकट. ती वाचून सर्जननी विचारलं, दर केसला अशी मापं मिळतील का? मोजायला माणूस द्या म्हटलं, मिळतील.