गाडीतलं नेव्हिगेशन घ्यावं की फोन पुरे?

गेली सोळा वर्षं मी नेरूळमध्ये गाडी शिकवते. हाफ क्लच जमला, आरटीओची टेस्ट झाली, लायसन्स हातात पडलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, नेव्हिगेशनवालं टॉप मॉडेल घेऊ, की फोनवर भागेल?" मागच्या महिन्यात ऐरोलीच्या एका काकांनी तर शोरूममधूनच फोन केला. बासष्टाव्या वर्षी माझ्याकडे शिकले, पहिलीच गाडी. "ताई, समोर दोन कोटेशनं आहेत. मधे पाऊण लाखाचा फरक आहे. लवकर सांगा." तिथल्या गडबडीत मी एका वाक्यात उत्तर दिलं. ते तेवढ्यात मावणारं नाही, म्हणून इथे नीट सांगते.

नुसत्या नेव्हिगेशनसाठी वरचं मॉडेल घेऊ नका. पण फोन मांडीवर किंवा गिअरपुढच्या खाचेत ठेवून गाडी चालवणार असाल, तर तेही मला मान्य नाही. नकाशा फोनचा चांगला असतो आणि जागा गाडीच्या पडद्याची चांगली असते. फोन जोडला की त्याचाच नकाशा समोर दाखवणारा पडदा, म्हणजे अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, आता बऱ्याच मधल्या मॉडेलांत येतो. ते घ्या.

फोनचा नकाशा चांगला का, हे मला अटल सेतूवर नीट दिसलं. पुलाचं उद्घाटन झालं १२ जानेवारी २०२४ला. त्यानंतर काही महिन्यांनी एका विद्यार्थिनीच्या भावाच्या गाडीतून आम्ही शिवडीकडून चिर्ल्याला येत होतो. गाडी जुनी, नकाशा कंपनीने दिलेल्या मेमरी कार्डावर, कधीच अपडेट न केलेला. पडद्यावर आमचा बाण निळ्या पाण्यातून चालला होता. जवळजवळ बावीस किलोमीटरच्या पुलावर नेव्हिगेशनमधली बाई शक्य असेल तिथे यू-टर्न घ्या म्हणत होती. चालवणारा मुलगा हुशार, तरी दर वेळी त्याचं लक्ष तिकडे जायचं. शेवटी मी आवाज बंद करायला लावला. आपल्याकडे रस्ते फार भराभर बदलतात. उलवे बघा, विमानतळाच्या आजूबाजूचं बघा. तीन वर्षांपूर्वीचा नकाशा इथे निम्मा उपयोगाचा राहत नाही, आणि कार्डावरचा नकाशा नवा करायचा तर सर्व्हिस सेंटरची फेरी आणि पैसे. हल्ली सिम असलेल्या गाड्यांत तो आपोआप सुधारतो, पण ती सेवा ठरावीक वर्षंच फुकट असते. घेण्याआधी किती वर्षं, ते लेखी विचारा.

दुसरी अडचण आपल्या पत्त्यांची. सिडकोने नवी मुंबई नोडांत, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या वेगवेगळ्या भागांत, वसवली आणि प्रत्येक नोडला सेक्टर एकपासून मोजले. वाशीला सेक्टर १९ आहे, नेरूळला आहे, खारघरलाही आहे. जुनी नेव्हिगेशनं आधी शहर मागतात, मग रस्ता, मग घर नंबर. आपला पत्ता असतो सेक्टर, प्लॉट, "डी-मार्टच्या मागे". तो त्या चौकटीत बसतच नाही. शिवाय खरं सांगा, हल्ली पत्ता कोण सांगतं? साखरपुड्याचं आमंत्रण आलं तरी खाली व्हॉट्सअॅपवर लोकेशन येतं. फोनवर त्याला बोट लावलं की काम झालं.

आणि ट्रॅफिक. घोडबंदरला गायमुखाच्या चढावर कंटेनर बंद पडला तर ते फोनला कळतं, कारण तिथे अडकलेल्या शेकडो लोकांचे फोन आपापला मंदावलेला वेग कळवत असतात. कार्डावरच्या नकाशाला ते कळायला काही मार्ग नाही. कापूरबावडीला पोहोचण्याआधी हे समजणं म्हणजे तासभर वाचणं.

आता गाडीची बाजू. "नेट गेलं की जीपीएस जातं" असं सगळे म्हणतात, ते खरं नाही. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून संदेश पाठवतात आणि फोन तो रेडिओसारखा नुसता ऐकतो. त्याला नेट लागत नाही. नेट लागतं ते नकाशा आणि ट्रॅफिक आणायला. म्हणून माळशेजला जाणार असाल तर आदल्या रात्री घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा. बोगद्यात मात्र उपग्रहच ऐकू येत नाहीत. एक्सप्रेसवेला भाताण, माडप या बोगद्यांत फोनचा बाण अंदाजाने पुढे सरकतो किंवा थबकतो. गाडीच्या स्वतःच्या नेव्हिगेशनला चाकं किती फिरली, गाडी किती वळली हे सेन्सरवरून कळत असतं, त्यामुळे ते आत सहसा चुकत नाही. काही गाड्या हीच माहिती जोडलेल्या फोनलाही देतात.

गाडीचा पडदा उन्हात बंदही पडत नाही. मे महिन्यात दुपारी दीडला मी आईला घेऊन शिळफाट्याच्या पुढे, कधी न गेलेल्या एका वसाहतीत निघाले होते. फोन काचेला चिकटवलेला, खाली चार्जिंगची वायर. आधी स्क्रीन फिकी पडली, मग फोन गरम झाल्याची खूण, मग काळोख. ताडगोळे विकणाऱ्या एका मावशींच्या छत्रीशेजारी गाडी उभी केली, फोन आईच्या पर्समध्ये टाकला आणि पंधरा मिनिटं बसून राहिलो. तेव्हापासून माझ्या गाडीत फोनचा स्टँड एसीच्या झडपेवर असतो, गार वाऱ्यासमोर. पडदा नसलेली जुनी गाडी असेल तर तुम्हीही तिथेच लावा. काचेच्या मध्यभागी लावलात तर ऊन आहेच, वर समोरचा माणूस झाकला जातो.

एक गोष्ट दोघांनाही नीट जमत नाही, आणि ती ठाणे-नवी मुंबईत फार महत्त्वाची आहे: पुलावर की पुलाखाली. ऐकू येणारे सगळे उपग्रह डोक्यावर असतात, पायाखाली एकही नाही, त्यामुळे उंचीचा अंदाज आडव्या अंदाजापेक्षा कच्चा येतो. तीन हात नाक्याला वर असा की खाली, बाण एकाच जागी दिसतो. २०२४पासून गुगल मॅप्स पुढे उड्डाणपूल आहे हे आधी सांगू लागलं, त्याने बराच फरक पडला. तरी २०२५च्या जुलैमध्ये बेलापूरला काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. रात्री एक बाई फोनच्या नकाशावर उलव्याकडे निघाल्या होत्या. खाडीपुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेल्या आणि गाडी जेट्टीवरून खाडीत पडली. सागरी पोलिसांनी त्यांना वाचवलं. मी ती बातमी प्रत्येक बॅचला सांगते. त्या बाईंना दोष द्यायला नाही. अंधारात, अनोळखी जागी, पडदा "सरळ" म्हणत असताना कुणीही सरळच जाईल. म्हणून पूल दिसला की वेग कमी करा आणि वरचा हिरवा बोर्ड वाचा. तिथे बोर्ड खरा.

पण खरी काळजी मला डोळ्यांची आहे. पाम बीच रोडवर ६०च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. फोनकडे दोन सेकंद बघितलंत तर ३३ मीटर तुम्ही समोर न बघता गेलात. मांडीवरच्या फोनकडे बघायला मान खाली जाते. डॅशबोर्डवरच्या पडद्यासाठी नुसती नजर हलते. पाऊण लाखाच्या प्रश्नाचं माझ्या मनातलं उत्तर या फरकात आहे. कायदाही तेच धरतो. १ ऑक्टोबर २०२०पासून गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त नकाशावर रस्ता बघण्यासाठी वापरता येतं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. जायचं ठिकाण पार्किंगमध्ये, हँडब्रेक वर असताना टाका. सिग्नलला टाकू म्हणाल, तर हिरवा पडतो आणि मागचा हॉर्न वाजवतो.

शेवटच्या आठवड्यात मी विद्यार्थ्यांना नकाशा लावून चालवायला देते आणि पडद्यावर रुमाल टाकते. फक्त ऐका. "तीनशे मीटरवर डावीकडे वळा." पहिल्या दिवशी सगळे घाबरतात, कारण तीनशे मीटर म्हणजे किती, हे कुणाच्या अंगात नसतं. मग आम्ही दिव्याचे खांब मोजतो. मोठ्या रस्त्यावर साधारण तीस मीटरला एक, म्हणजे दहा खांब. चौथ्या-पाचव्या खांबाला आरसा, इंडिकेटर, लेन. तिसऱ्या दिवशी रुमाल काढला तरी मुली पडद्याकडे बघत नाहीत.

गावठाणाचंही बोलायला हवं. फोन दोन मिनिटं वाचवायला घणसोली गावातल्या गल्लीत घालतो. दोन्हीकडे स्कूटर, वर ओट्यांच्या पायऱ्या, आणि पुढे लग्नाचा मांडव. एका नवशिक्या मुलाला तिथून शंभर पावलं रिव्हर्समध्ये बाहेर काढताना त्याचे हात थरथरत होते. गावातल्या एका आजोबांनी स्कूटरी बाजूला घेऊन दिल्या. पहिलं वर्षभर मोठा रस्ता सोडू नका. फोन काहीही म्हणो, दहा मिनिटं जास्त लागू द्या.

काकांनी मधलं मॉडेल घेतलं. परवा ते ऐरोलीहून ठाण्याला लेकीकडे पहिल्यांदा एकटे गेले आणि पोहोचल्यावर फोन केला. तीन हात नाक्याला खाली राहायचं होतं, ते पुलावर चढले. "मग?" मी विचारलं. "मग काय ताई, पुढच्या नाक्यावरून सावकाश वळून आलो. मधे फोनकडे बघितलं नाही."