फुगा फुगला आणि वजन घटलं

सोलापुरात मे महिन्यात पंखे बंद करा म्हटलं की पोरं कुरकुरणारच, पण 0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा वाऱ्यात स्थिर राहत नाही त्यामुळे त्या दिवशी बंद करावेच लागले. लॅबमधला थर्मामीटर 38 दाखवत होता. दहावीची परीक्षा दिलेली मुलं, केमिस्ट्रीचा पहिलाच धडा, आणि द्रव्य अक्षय्यतेचा नियम (रिअ‍ॅक्शनच्या आधी आणि नंतर एकूण द्रव्य तेवढंच राहतं) नुसता फळ्यावर लिहून मला पुढं जायचं नव्हतं. हा नियम पाठ सगळ्यांना असतो, पटलेला असतोच असं नाही. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांच्या आया घरी विड्या वळतात, त्यातल्याच एकाने विचारलं, "मॅडम, विडी जळून चिमूटभर राख राहते, मग बाकीचं गेलं कुठं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. म्हणून गॅस सुटणारी रिअ‍ॅक्शन करायची आणि गॅस बाहेर जाऊच द्यायचा नाही असं ठरवलं.

पाण्याच्या रिकाम्या बाटलीत 100 मिली व्हिनेगर, फुग्यात 4.2 ग्रॅम खायचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवला. 4.2 का, तर खायच्या सोड्याचा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटचा, एक मोल (डझनासारखं, कण मोजायचं ठरलेलं माप) 84 ग्रॅमचा, त्याचा विसावा भाग, म्हणजे त्यातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसचाही विसावा भाग मोल, 2.2 ग्रॅम. काट्यावर 126.38. फुगा उभा केला, सोडा खाली पडला, फसफसलं, फुगा टम्म झाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. काटा 125.25 वर येऊन थांबला.

"मॅडम, कमी झालं की!"

1.13 ग्रॅम. एवढा फरक हाताची थरथर वगैरे म्हणून सोडून देता येत नाही. मागच्या बाकावरून लगेच "काटा बिघडलाय", दुसरा त्याला "का बे, आत्ता तर बरोबर होता", तिसऱ्याचं म्हणणं फुगा लीक आहे. मी काही बोलले नाही. या वयातल्या मुलांसमोर उत्तर लगेच ठेवलं की त्यांचं डोकं चालायचं थांबतं हे माझं ठाम मत आहे. वजनाचे बाट ठेवून काटा तपासला, बरोबर निघाला. फुग्याच्या तोंडाला साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही.

तेव्हा एक मुलगी, एरवी तासाला फारसं न बोलणारी, म्हणाली की मॅडम लीक असतं तर वजन हळूहळू कमी होत गेलं असतं ना, हे तर फुगा फुगला तेवढ्यात झालं आणि थांबलं. मग जरा थांबून, "फुग्याने जागा जास्त घेतली म्हणून असेल का?"

खरं सांगते, त्या वाक्याला मी जागच्या जागी खुर्चीवर बसले. तेच कारण आहे. विहिरीतून घागर ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि बाहेर आली की हाताला ओढ बसते, हवेतही तेच चालू असतं, फक्त हवा विरळ म्हणून जाणवत नाही. फुगा फुगला की तो तेवढी हवा बाजूला सारतो आणि त्या हवेच्या वजनाइतकं त्याला वर उचललं जातं. आतलं द्रव्य तेवढंच आहे, काटा मात्र कमी दाखवतो.

पण नुसतं म्हणून काय उपयोग, मोजायला हवं. एकीची आई घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते, तिच्या दप्तरात टेप निघाली. फुग्याचा घेर 40 सेंटीमीटर. फुगा गोल धरला तर आकारमान साधारण 1.08 लिटर. कुणीतरी हवेची घनता 1.29 ग्रॅम प्रति लिटर घेतली, उत्तर आलं 1.39, काट्याशी जुळेना, चेहरे पडले. मी एवढंच विचारलं की 1.29 हा आकडा कुठला आहे. शून्य अंशाचा आणि समुद्रसपाटीचा! आपण 38 अंशात बसलोय आणि सोलापूर समुद्रापासून साडेचारशे मीटर उंचावर आहे, इथं हवेचा दाबही पाचेक टक्क्यांनी कमी. गरम हवेचे रेणू लांब लांब पसरतात, एका लिटरमध्ये कमी मावतात. दोन्ही धरून घनता आली 1.07 आणि उत्तर आलं 1.16. काट्याचं 1.13. फुगा काय अगदी गोल नसतो, त्यामुळे एवढा फरक राहणारच. त्या मुलीच्या वहीवर पाच-सहा डोकी वाकली होती, पंखे बंद आहेत हे सगळे विसरले होते.

मग शेवटचा पुरावा, न फुगणारं भांडं. कोल्ड्रिंकची जाड प्लास्टिकची बाटली, सोडा निम्माच, टिश्यूत गुंडाळून आत टाकला आणि झाकण गच्च लावलं (काचेची बाटली अजिबात घ्यायची नाही, सोडाही जास्त नको). बाटली दगडासारखी कडक झाली, काटा जिथल्या तिथं. झाकण सैल केलं, फुस्स, आकडा खाली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लवॉझिएने 1774 मध्ये कथिल बंद काचपात्रात तापवलं होतं, वजन बदललं नाही, पात्र उघडल्यावर हवा आत शिरली तेव्हा वाढलं. काचपात्र फुगत नाही, हे पोरांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही.

विडीवाल्याला त्याचं उत्तर त्यानेच दिलं, की मॅडम धूर आणि गॅस धरून ठेवले, आणि जळताना हवेतला जेवढा ऑक्सिजन लागला तोही मोजला, तर हिशोब लागेल.

पंखे लावले तरी कुणी उठेना. एकाने विचारलं, मग आपलं वजनपण काट्यावर कमी येतं का? येतं की. माणसाची घनता साधारण पाण्याएवढीच, म्हणजे 60 किलोचा माणूस जवळपास 60 लिटर जागा घेतो, तेवढी हवा आमच्या लॅबमधल्या आकड्याने साधारण 64 ग्रॅम. लगेच त्यांनी एकमेकांची वजनं विचारून प्रत्येकाचा आकडा काढायला घेतला आणि पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले.