सात साती ५९

तिसरीच्या वर्गात सातचा पाढा चालला होता. आधी सगळ्यांनी एका सुरात म्हटला, मग एकेकाने. खिडकीजवळ बसणाऱ्या मुलीने तो कुठेही न अडखळता 'सात दाहे सत्तर'पर्यंत नेला. मग मी तोच पाढा वहीत लिहायला सांगितला आणि फिरत फिरत तिच्यापाशी पोहोचले. वहीत होतं: ७, १४, २१, २८, ३५, ४२, ५९, ५६, ६३, ७०.

दहापैकी नऊ बरोबर. ५९ वर लाल फुली मारून शेजारी ४९ लिहिलं की वही तपासून झाली असती. पण त्या एका आकड्यात दोन वेगवेगळ्या अडचणी होत्या. 'एकोणपन्नास' म्हणताना हाताने ५९ लिहिलं, ही पहिली. दुसरी मला जास्त काळजीची वाटली: ५९ च्या खाली ५६ लिहिताना तिला काहीच खटकलं नाही. पाढ्यात दर पायरीला सात वाढतात, मग संख्या मागे कशी येईल, हा प्रश्न पडायला पाढा म्हणजे बेरीज आहे हे आधी ठाऊक असावं लागतं.

पहिल्या अडचणीपासून सुरुवात केली. चूक दाखवली नाही, फक्त आणखी तीन संख्या लिहायला सांगितल्या. एकोणतीस? ३९. एकोणसाठ? ६९. एकोणीस? १९. म्हणजे ही नजरचूक नव्हती. 'एकोण' ऐकलं की एककाच्या घरी ९ आणि पुढे जे नाव येईल ते दशकाच्या घरी, असा तिने स्वतः बांधलेला नियम होता. एकोणीस बरोबर आलं, कारण तो शब्द रोजच्या वापरातला आणि त्यात 'वीस' असं स्वच्छ ऐकूही येत नाही. मुलाची चूक त्याच तऱ्हेने पुन्हा येत असेल तर तिच्यामागे विचार असतो, आणि आपल्याला तो विचार दुरुस्त करायचा असतो.

मराठी संख्यानामांची ही गाठ अवघड आहेच. त्रेपन्न, चोपन्न, छप्पन्न यांत एकक आधी ऐकू येतो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र उलटं. एकोणपन्नासमध्ये तर पुढच्याच दशकाचं नाव येतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात'सारखं वाचन प्रचलित नावांच्या जोडीने आलं, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. माझ्या मते दोन्ही हवं. 'चाळीस नऊ' म्हटलं की ४९ लिहिताना हात चुकत नाही, आणि 'एकोणपन्नास'मध्ये तर एक आयती वजाबाकीच दडलेली आहे.

ती वजाबाकी मणीमाळेवर दाखवता येते. शंभर मण्यांची माळ, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. तिला पन्नासपर्यंत दहा-दहाच्या उड्या मारायला लावल्या, तिथे कपड्यांचा चिमटा लावला आणि म्हटलं, "आता चिमटा एक मणी मागे घे. किती झाले?" ती माळेच्या सुरुवातीपासून एकेक मणी मोजायला निघाली. हे हमखास होतं. म्हणून पहिले चार दशक तळहाताने झाकले आणि "इथे चाळीस आहेत, पुढचे सांग" म्हटलं. "चाळीस नऊ." मग एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी, हे सांगायला एक वाक्य पुरलं. तीस, साठ, सत्तर इथे चिमटा लावून तिनेच एक-एक मणी मागे घेतला.

दुसरी अडचण फरशीवर सोडवायची होती. वर्गात शहाबादी फरशी आहे, तिच्या सांध्यावर ओळ सरळ लागते, नाहीतर चिंचोके घसरून ओळींचा पसारा होतो. प्रत्येक ओळीत ५ चिंचोके आणि २ खडे. एकाच वस्तूचे सात ठेवले तर मुलं दर वेळी सात मोजतात. पाच आणि दोन वेगळे दिसले की एका नजरेत सात कळतात. अशा सात ओळी लावल्या आणि त्यांच्यावर पुठ्ठा ठेवला.

"पुठ्ठ्याखाली किती?"

"सात साती एकोणपन्नास."

खाली आठवी ओळ मांडली. "आता?"

ती पुन्हा 'सात एके सात'पासून सुरू झाली. पाठांतराची खरी मर्यादा इथे दिसते. पाढ्यात शिरायचं दार एकच, पहिल्या ओळीचं. मधूनच विचारलं की मूल मागे धावत जातं, आणि भागाकारात किंवा मोठ्या गुणाकारात दर वेळी असं धावून दमतं. मी तिला थांबवलं. "पुठ्ठ्याखालचे आपल्याला माहीत आहेत. त्यात फक्त ही ओळ मिळव." मग बोटांवर पन्नास, एक्कावन्न, बावन्न करत छप्पन्नवर आली. उत्तर बरोबर, पण बोटांवरच्या मोजणीत एखादं बोट सुटलं की ५५ किंवा ५७ होतात. म्हणून विचारलं, "एकोणपन्नासला पन्नास व्हायला किती हवेत?" तिने ओळीतला एक खडा उचलून पुठ्ठ्यावर ठेवला. ओळीत राहिले सहा. "पन्नास सहा," म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, "छप्पन्न!"

पाढ्यातली बरीच चुकामूक पहिलीच्या बेरजेत रुजलेली असते. सात म्हणजे एक आणि सहा, दोन आणि पाच, तीन आणि चार. दहाला सातची जोडी तीन. या जोड्या हाताशी नसतील तर ४९ मध्ये ७ मिळवताना बोटंच उरतात. अशा वेळी पाढा बाजूला ठेवून आठवडाभर दहाची चौकट घ्यावी. पाच-पाच घरांच्या दोन ओळी, त्यात सात ठिपके, आणि प्रश्न एकच: रिकामी घरं किती?

मग तिने आपली वही उघडली. दोन आकड्यांच्या मध्ये किती वाढले ते लिहायला सांगितलं. सात, सात, सात करत ती ४२ आणि ५९ पाशी आली. १७. पुढे ५९ आणि ५६. पेन्सिल थांबली. ५९ तिने स्वतः खोडलं.

वर्गातल्या आणखी तिघांच्या वहीतही ५९ होतं. त्यामुळे संध्याकाळी सगळे पाढे तपासून पाहिले: दोन ते दहाच्या पाढ्यांत दहा ओळींपर्यंत 'एकोण'ची संख्या एकच येते, ती हीच. त्यामुळे बाकीचे पाढे लिहून घेतले तर ही चूक दिसतच नाही.

मधल्या सुट्टीनंतर चौकटीच्या वहीतून ७ बाय ८ घरांचा आयत कापला. उभा धरला तर आठ ओळींत सात-सात, आडवा केला तर सात ओळींत आठ-आठ. म्हणजे आठ साती वेगळं पाठ करायचं नाही. मग पाचव्या घरापाशी घडी घातली: पाच आठी चाळीस, दोन आठी सोळा, मिळून छप्पन्न. एखादी ओळ आठवली नाही तरी ती काढता येते, हा विश्वास या घडीतून येतो. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे बहुतेकांना येतात. नऊचा दहाच्या पाढ्यातून एक-एक गट कमी करून निघतो आणि चारचा दुपटीची दुप्पट करून. उलटसुलट जोड्या एकच धरल्या तर खरोखर अवघड गुणाकार दहाच उरतात: ३, ६, ७, ८ यांचे आपसातले.

सरावाला त्रिकोणी पत्ते केले. तीन कोपऱ्यांत ७, ८, ५६; अंगठ्याने एक कोपरा झाकायचा आणि समोरच्याने तो ओळखायचा. एका वेळी चार-पाचच पत्ते, त्यातले दोन आधीच येणारे. घड्याळ लावत नाही. वेळ लावली की मुलं पुन्हा अंदाज ठोकतात. उत्तर आल्यावर मात्र "कसं काढलंस?" हे विचारायचंच, बरोबर उत्तरालासुद्धा.

शाळा सुटताना ती चिमटा घेऊन परत आली. माळेवर एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद अशी सगळी ठिकाणं तिने करून पाहिली होती. चिमटा आता शेवटून दुसऱ्या मण्यावर होता.

"बाई, मग याला एकोणशंभर का नाही म्हणायचं?"

नव्व्याण्णव शब्द फळ्यावर लिहिला, त्याच्या शेजारी तिचा एकोणशंभर, आणि फळा तसाच ठेवला. सकाळी परिपाठानंतर सगळ्या वर्गाला तोच प्रश्न विचारायचा होता.