गुडघाभर लाटेसाठी कोणती फ्रंट विंग?

इथे सॅन डिएगोत, ला होया शोअर्सच्या किनाऱ्यावर, उन्हाळ्यात लाट बऱ्याचदा गुडघ्याच्या वर जात नाही. साध्या सर्फबोर्डवर नीट उभं राहीपर्यंत ती विरून जाते. फॉइलवर तीच लाट मजेत पुरते; फॉइल म्हणजे बोर्डाखाली दांड्यावर बसवलेले पाण्यातले पंख, त्यातला पुढचा मोठा पंख म्हणजे फ्रंट विंग, तीच बोर्डाला पाण्याच्या वर उचलते. शिवाय किनाऱ्याजवळ वळून, पंप करत (पायांनी बोर्ड वर-खाली दाबून वेग टिकवत) मागे जाऊन दुसरी पकडता येते. मला फॉइलिंगमधलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

नवीन फॉइल घेणारे आधी विचारतात, "कितीची विंग घेऊ?" मी म्हणते, आकड्याआधी तिची घडण बघा. आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतातच. आर्मस्ट्राँगच्या एचएस १५५० मधले १५५० म्हणजे चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ. अ‍ॅक्सिसच्या एआरटी ९९९ मधले ९९९ म्हणजे टोकापासून टोकापर्यंतचे मिलिमीटर. लिफ्ट कंपनीचे आकडे चौरस इंचांत असतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरसाठी साडेसहाने गुणायचे.

मी तीन प्रकारच्या विंग आलटून पालटून वापरल्या. बोर्ड तोच, ७५ सेंटिमीटरचा मास्ट (बोर्ड आणि विंगमधला उभा दांडा) तोच, मागचा स्टॅबिलायझर, म्हणजे छोटा पंखही तोच. माझं वजन ६२ किलो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पहिली २००० चौरस सेंटिमीटरची, जाड आणि रुंद. ही अगदी हळू वेगातही उचलते. उचल क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, त्यामुळे निम्म्या क्षेत्रफळाच्या विंगला तेवढीच उचल मिळवायला साधारण १.४ पट वेग लागतो. शिकताना हा फरक फार मोलाचा. पण लाटेने जरा जोर लावला की ही विंग वर वर चढते, पुढच्या पायावर सगळा भार टाकून तिला खाली दाबावं लागतं. आणि लाट मागे पडली की पाण्याचा विरोध तिला लगेच थांबवतो.

दुसरी मध्यम, १५५० ची. वळायला ही सगळ्यात गोड. टाच दाबली की बोर्ड लगेच कलतो.

तिसरी १२५० ची, लांब आणि अरुंद. टोकापासून टोकापर्यंत लांबी १ मीटर, म्हणजे लांबीच्या वर्गाला क्षेत्रफळाने भागलं की आस्पेक्ट रेशो ८ येतो. पहिल्या विंगचा ४ सुद्धा नाही. हा रेशो वाढला की उचल निर्माण करताना होणारा विरोध कमी होतो. पेलिकन पक्षी लाटेच्या पुढ्यात पंख न हलवता किती लांब जातात ते इथे रोज दिसतं. या विंगवर पायांखाली तसं काहीतरी जाणवतं. एकदा पंप केलं की ती पुढे सरकतच राहते.

छोट्या लाटेसाठी माझी निवड हीच. अशी लाट ढकलते ती जेमतेम काही सेकंद. त्यानंतर किती घसरत जाता येतं यावर मजा ठरते. मोठी विंग पहिली लाट सोपी करते, लांब विंग दुसरी आणि तिसरी मिळवून देते.

तिचे नखरेही आहेत. वेग एका मर्यादेखाली गेला की ती हळूहळू बसत नाही, एकदम सोडून देते. घट्ट वळणात टोक पाण्याबाहेर आलं की हवा शिरते आणि पडायला होतं. केल्प, म्हणजे इथलं लांबलचक समुद्री शेवाळ, लांब विंगला जास्त अडकतं. ओहोटीला मी ती नेतच नाही; मास्टच्या लांबीपेक्षा बरंच जास्त पाणी खाली हवं. (ला होयाला उतरताना पाय घासत चाला, वाळूत स्टिंगरे असतात.)

टेकऑफला, म्हणजे लाट पकडताना, मी ती थोडी उभी राहीपर्यंत थांबते आणि पॅडलिंगचे शेवटचे दोन हात जोरात मारते. तेवढा वेग १२५० ला पुरतो. तुमचं वजन ८५ च्या आसपास असेल तर याच घडणीची १६०० च्या जवळपासची बघा, आणि अजून उभं राहणंच शिकत असाल तर आधी २००० ची कुणाकडून उसनी घ्या.