पुठ्ठ्याची दोन माणसांची होडी: माझा अनुभव, मापांसकट

पुठ्ठ्याची होडी म्हटलं की पहिली शंका येते ती भिजण्याची. पण नीट रंगवलेला पुठ्ठा पाण्यात अर्धा-पाऊण तास सहज टिकतो. होडी बुडते ती बहुतेक वेळा कलंडून, नाहीतर मधोमध वाकून. म्हणून कटर हातात घेण्याआधी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ती संध्याकाळ सगळ्यांत कामाची ठरली.

हिशेब सोपा आहे. होडी जितकं पाणी बाजूला सारते तितकं वजन पेलते आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन माणसं मिळून ११० किलो, होडी स्वतः साधारण १५ किलो, एकूण १२५. सपाट तळ १८० सेंमी लांब आणि ७५ सेंमी रुंद धरला, तर होडी दर सेंटीमीटर खाली गेली की १३.५ लिटर पाणी सरतं. १२५ भागिले १३.५ म्हणजे ९.३. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, उताराखालीही थोडं पाणी सरतं, त्यामुळे होडी नऊ सेंमीच्या आसपास बुडणार. बाजू ३५ सेंमी उंच घेतल्या की पाण्यावर जवळजवळ २५ सेंमी काठ उरतो. इतका हवाच, कारण माणूस एका बाजूला झुकला की त्या बाजूचा काठ भराभर खाली येतो.

रुंदीवर आमचा सगळ्यांत जास्त वेळ गेला. नुसतं तरंगायचं असेल तर ६० सेंमीही पुरतात, होडी साडेअकरा सेंमी बुडते इतकंच. अडचण तोलाची आहे. कलंडायला होडी जो विरोध करते तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६० ची ७५ केली की रुंदी सव्वापट होते आणि विरोध जवळजवळ दुप्पट. आमच्या मापांना ६० सेंमीच्या होडीत माणसांसकट एकूण वजनाचा मध्य तळापासून ३२ सेंमीच्या वर गेला की ती आपणहून उलटते. ७५ सेंमीला हीच मर्यादा ५५ सेंमीपर्यंत जाते. टाचांवर बसून वल्हवणाऱ्या माणसाचा गुरुत्वमध्य ३५ ते ४० सेंमीवर असतो. म्हणजे एकीत तोल राहणारच नाही, दुसरीत निवांत वल्हवता येईल. ९० सेंमी केली असती तर आणखी स्थिर झाली असती, पण मग वल्हं पाण्यापर्यंत पोचवायला दरवेळी काठावर ओणवं व्हावं लागतं आणि मिळवलेला तोल तिथेच जातो.

पुठ्ठा पाच प्लायचा, म्हणजे सपाट आणि लाटेरी मिळून पाच कागदांचा, घेतला. तीन प्लायचा गुडघ्याखाली दबतो, सात प्लायचा घडी घालताना तडकतो. पुठ्ठ्याच्या आत लाटांच्या ज्या नळ्या असतात त्यांची दिशा पाहिल्याशिवाय एकही रेघ आखू नका. होडी पुठ्ठ्याच्या दोन थरांची, त्यातल्या बाहेरच्या थरात नळ्या होडीच्या लांबीला समांतर हव्यात. त्या दिशेने पुठ्ठा ताठ असतो आणि बाजूंच्या लांब घड्याही नळ्यांना समांतर पडल्यामुळे सरळ बसतात. आडव्या नळ्यांची होडी मध्यावर पुस्तकासारखी मिटते.

बाहेरचं कवच एकाच तावातून घडीने काढायचं, म्हणजे पाण्याखालच्या लांब कडांना सांधाच राहत नाही. रुंदी ३५ अधिक ७५ अधिक ३५, म्हणजे १४५ सेंमी. लांबीत मागची भिंत ३५, तळ १८०, नाळेचा उतार ६५ आणि पुढची छोटी फळी १०, असे २९० सेंमी. एवढा ताव मिळत नाही. मोठ्या फ्रिजची दोन खोकी उघडून जोडावी लागतात. जोड टोकाला टोक भिडवून घ्यायचा आणि त्यावर ३० सेंमी रुंदीची पट्टी चिकटवायची. आतल्या थरातला कुठलाही जोड यापासून निदान ६० सेंमी लांब हवा.

उताराचे ६५ सेंमी आले कुठून? नाळेत तळ ६० सेंमी पुढे जाताना २५ सेंमी वर चढतो, त्यामुळे तिरकी लांबी बरोबर ६५ भरते. इथे कापणी काळजीने करावी लागते. तळ संपतो त्या कोपऱ्यापासून बाजूच्या पट्टीवर एक तिरकी रेघ आखायची, ६० सेंमी पुढे आणि २५ सेंमी वर. चीर त्या रेघेवर द्यायची, तळाच्या कडेवर नाही. त्यामुळे एक त्रिकोण उताराला लागून राहतो. उतार वर उचलला की हा त्रिकोण आतून बाजूला टेकतो आणि गोंद लावायला आयती झडप मिळते. तिची रुंदी १० सेंमीपर्यंत छाटली की पुरे. आमच्या कागदी नमुन्यात पहिल्यांदा चीर तळाच्या कडेवरच पडली होती, मग त्या फटीला टेपशिवाय काही आधारच उरला नाही. एकास दहाच्या मापाचा कागदी नमुना आधी कराच, अशा चुका तिथे फुकटात कळतात.

घडीच्या रेघेवर कटर चालवायचं नाही. चमच्याच्या मागच्या बाजूने पट्टीला धरून तीन-चार वेळा दाबत जायचं, म्हणजे आतला कागद दबतो आणि बाहेरचा अखंड राहतो. नाळेची घडी नळ्यांना आडवी जाते, तिथे दाब जास्त लागतो.

आतला थर वेगवेगळ्या तुकड्यांचा, कारण दुहेरी पुठ्ठ्याला घडी पडत नाही. तळाच्या आतल्या थरात नळ्या आडव्या ठेवल्या. बाहेरचा थर लांबीला ताठ, आतला रुंदीला, दोन्ही मिळून तळ कुठेच लवत नाही. गोंद सुतारकामाचा पांढराच, पण पाण्याला टिकणारा घ्या. साधा पांढरा गोंद वाळल्यावरही पाण्यात पुन्हा मऊ होतो. सगळ्या होडीला दीड किलो लागला. तो रोलरने पातळ पसरायचा. जाड थर घातला की त्यातलं पाणी पुठ्ठा पितो आणि ताव एका बाजूने वाकतो. वर सपाट फळी आणि तिच्यावर पाण्याचे कॅन ठेवून रात्रभर दाबून ठेवलं.

काठाला आतून त्रिकोणी नळी लावली. २४ सेंमीची पट्टी सहा-सहा सेंमीवर तीनदा दुमडायची, चौथा भाग पहिल्यावर चिकटवायचा. ही नसेल तर बाजू लाटेसारख्या लचकतात. दोघांच्या मध्ये १५ सेंमी उंचीची आडवी फासळी आणि नाळेच्या घडीवर दुसरी. फासळ्या का? तळावर खालून पाण्याचा रेटा चौरस मीटरला ९० किलोच्या आसपास असतो, तोही सगळीकडे सारखा. माणसांचं वजन मात्र गुडघ्यांपुरतं. जिथे कोणी बसलेलं नाही तिथे तळ वर फुगतो आणि फुगला की घडी उकलते. गुडघ्यांखाली ४० सेंमी चौरसाची दोन थरांची गादी ठेवली की वजन पसरतं.

आता भिजण्याचं. पाणी पुठ्ठ्याच्या सपाट पृष्ठभागावरून क्वचितच शिरतं, शिरतं ते कापलेल्या कडांतून. नळ्यांची उघडी तोंडं पाणी ओढून घेतात आणि आतला स्टार्चचा गोंद सुटला की थर वेगळे होतात. म्हणून प्रत्येक कडेवर आठ सेंमी रुंद खाकी कागदाची पट्टी गोंद लावून बसवली, चार सेंमी आत, चार बाहेर. रंगाखाली प्लॅस्टिकचा टेप नको, ऑईल पेंट त्यावर धरत नाही आणि सालीसारखा निघतो. टेप लावायचाच तर शेवटी, पूर्ण वाळलेल्या रंगावर.

ऑईल पेंटचा पहिला हात दहावा हिस्सा टर्पेंटाइन घालून पातळ केला, म्हणजे तो कागदात मुरतो. बाहेरून तीन हात, आतून दोन, प्रत्येक हातानंतर पूर्ण एक दिवस. अडीच लिटर लागला. हे काम उघड्यावरच करा. घाईत पहिला हात ओला असताना दुसरा मारला की वर साय धरते आणि खालचा थर आठवडाभर चिकट राहतो.

पाण्यात आधी माणसं नाही, कॅन. बाहेरून नऊ सेंमीवर पेन्सिलीची रेघ मारली आणि वीस लिटरचे भरलेले पाच कॅन अन् एक अर्धा, असे ११० किलो आत ठेवले. वजनाचा मध्य मागच्या भिंतीपासून ९५ सेंमीवर यायला हवा, त्यापुढे गेला की नाळ खाली दबते. पाणी रेघेला सगळीकडून सारखं लागलं की माप जुळलं. अर्धा तास तशीच राहू द्यायची आणि आत कोरडा कागद पसरून ओल कुठे उमटते ते बघायचं. आमच्याकडे ती नाळेच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांत उमटली. तिथे तीन घड्या एकत्र येतात आणि कागदाची पट्टी चुणीदार बसते. वाळवून, चुण्या कापून, लहान लहान तुकड्यांनी ती जागा पुन्हा मढवली आणि रंगाचे दोन हात दिले.

माणसं बसवताना पाणी मांडीपर्यंतच असावं, अंगात लाइफ जॅकेट आणि पाय अनवाणी. होडी चौघांनी उचलून पाण्यात ठेवायची, काठावरून ओढत न्यायची नाही. एकाच खरवडीत रंग आणि कागद दोन्ही जातात. पाय थेट मधोमध टाकायचा, तोही दुसऱ्या कुणी होडी धरलेली असताना. बाहेर काढल्यावर ती पालथी ठेवून वाळवायची आणि दुसऱ्या दिवशी कोपरे अंगठ्याने दाबून बघायचे. मऊ लागला तो कोपरा उघडून पुन्हा करायचा, वरून नुसता रंग मारला तर आतली ओल तिथेच अडकते.